आपल्या उशाशी लोणार

वऱ्हाडातल्या रिठद गावाहून रिसोड ओलांडून पश्चिमेला निघालं की लोणारचं विवर लागतं. बेसाल्ट खडकात उल्कापातानं झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, तळाशी सरोवर असलेलं. जगात असं क्वचितच सापडतं. अशा निसर्गठेव्यांकडे इतरत्र कसं पाहतात? अमेरिकेत 1906 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी डेव्हिल्स टॉवर नावाचा खडक पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. तिथल्या माणसांना असे कडे, दऱ्या म्हणजे देशाची ओळख वाटते. त्यांच्या ॲरिझोनातलं उल्काविवर आपल्या लोणारपेक्षा लहान आहे!

आपल्याकडे मात्र या खड्ड्याशी नातं भक्तीतून जुळलं. लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ, धार नावाच्या झऱ्यावरचं स्नान, नवरात्रात काठच्या कमळजा देवीची यात्रा. हे नातं मला कोणत्याही सरकारी फलकापेक्षा खोल वाटतं. पण भक्तीनं पाण्याची राखण आपोआप होत नाही. गावाचं सांडपाणी सरोवरात जाऊ नये म्हणून लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. 2020 साली लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि देशभर छायाचित्रं झळकली. वऱ्हाडातल्या शाळांच्या सहली लांब जातात, जाऊ द्यात. पहिली सहल मात्र लोणारची निघावी, आणि सोबत भूगोलाचे शिक्षक असावेत.