‘सामाजिक अंतर’ : हा शब्द आम्हाला नवा नाही

पनवेल तालुक्यातील कोन येथील सुमारे चोवीसशे घरांची गिरणी कामगारांसाठी सोडत म्हाडाने २०१६ साली काढली. घरे ताब्यात येण्याची वाट कामगार पाहत असतानाच कोरोना आला आणि २०२० मध्ये या इमारतींना नवेच नाव मिळाले : ‘विलगीकरण केंद्र’. विलग म्हणजे वेगळा. साथीपुरते, ठरावीक दिवस वेगळे ठेवणे. अर्थ सरळ आहे. या शब्दाबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्याच्याच जोडीने आलेल्या ‘सामाजिक अंतर’ या शब्दाबद्दल. ‘सोशल डिस्टन्सिंग’चे हे डोळे मिटून केलेले भाषांतर! दोन शरीरांत सहा फूट ठेवायचे होते, मग त्यात समाज आलाच कशाला? जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडचे फलक मात्र बदलले नाहीत. ज्यांनी ते अंतर कधी सोसलेच नाही, त्यांच्या कानाला हा शब्द खटकणार तरी कसा?

सामाजिक अंतर म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवून दिले आहे. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेले सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचे साचेखाते आपल्या माणसांना बंद! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, तेव्हा कुठे संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने मान्य केली. आपल्या वाट्याला आले सूतकताईचे खाते. तिथल्या ‘थ्रॉसल’ यंत्राचे कामगारांनी ‘त्रासन’ केले. हाही घडवलेलाच शब्द, पण तो कोणा समितीने घडवला नाही. बारा-बारा तास उभे राहणाऱ्यांनी घडवला, आणि त्यातला ‘त्रास’ ऐकायला शब्दकोश लागत नाही.

वरून लादलेला शब्द मुकाट्याने घ्यायचा नाही, हे बाबासाहेबांनी १९३८ मध्येच दाखवले. ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ते आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईच्या विधानसभेतून बाहेर पडले. ज्यांना नाव द्यायचे त्यांनाच विचारले नव्हते, हाच मुद्दा होता.

साथी पुन्हा येतील. सरकारच्या भाषा संचालनालयाने त्याआधीच ‘सामाजिक अंतर’ हा शब्द शासकीय वापरातून काढून ‘शारीरिक अंतर’ रूढ करावा. आपल्या कार्यकर्त्यांनी तशी निवेदने तहसील कार्यालयांत द्यावीत. सुरुवात पनवेलपासून व्हायला काय हरकत आहे?