सर्दीची गोळी आणि रात्रपाळी

सर्दी झाली की आपण दुकानातून गोळी घेतो आणि तडक ड्युटीवर जातो. त्या एका गोळीत बहुधा तीन औषधे असतात. क्लोरफेनिरामाईनने झोप येते. इंजिनावर, केबिनमध्ये वा टपालाच्या मोटारीवर एक डुलकी जीवघेणी ठरेल. फेनिलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. पॅरासिटामॉल तापाच्या गोळीतही असते. दोन्ही मिळून दिवसाला ४ ग्रॅमवर गेले तर यकृताला इजा होऊ शकते. म्हणून बंधू-भगिनींनो, वेष्टन वाचा, डॉक्टरांना आपली ड्युटी सांगा, सोबत दारू घेऊ नका. पण रजा नाकारली तर कामगार गोळी खाऊनच येणार! आजारपणाची रजा विनाअडथळा मिळालीच पाहिजे, अशी आमची प्रशासनाकडे मागणी आहे.