झोपेची गोळी एकदम तोडू नका

शेतीच्या पानावर झोपेच्या गोळीचं काय काम, असं कुणी विचारील. पण पंचायत समितीत कृषी विस्ताराचं काम करणाऱ्याला बांधावर पिकाच्या रोगाइतकंच माणसाच्या दुखण्याचंही ऐकायला मिळतं. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की तासगाव-कवठेमहांकाळकडचा बागायतदार दावण्याच्या धास्तीने रात्र जागून काढतो. माण-खटाव, जत-आटपाडीकडे पावसाची वाट बघून झोप उडते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-वारणाकाठच्या लोकांनी उभा ऊस पाण्यात गेलेला पाहिला. त्यात कितीतरी गावांत शेतीची वीज अजून रात्रीच्या पाळीला असते, म्हणजे निम्मी रात्र मोटारीवर जाते.

मग एखादा डॉक्टर आठ-पंधरा दिवसांपुरती झोपेची गोळी लिहून देतो. पंधरा दिवस संपतात, गोळी मात्र चालूच राहते. चिठ्ठी जुनी, मेडिकलवाला ओळखीचा. दोन-चार वर्षं कधी गेली ते कळत नाही.

पुढे कुणीतरी सांगतं, ही सवय वाईट. ते खरंही असतं. माणूस हिय्या करून गोळी एकदम बंद करतो, आणि एक-दोन दिवसांतच छातीत धडधड सुरू होते. ठोका चुकल्यासारखा वाटतो, हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्याला डोळा लागत नाही. घरची मंडळी घाबरतात, हार्ट अॅटॅक तर नव्हे? मग एकजण घाईने पुन्हा गोळी तोंडात टाकतो, दुसरा ‘मनाचे खेळ’ म्हणून सगळं अंगावर काढतो. या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत.

असं का होतं ते समजून घेऊ. अल्प्राझोलम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही या गोळ्यांची आतली नावं. दुकानातलं नाव वेगळं असतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. मेंदूला निसर्गतः एक ब्रेक असतो. ही गोळी तो ब्रेक अधिक दाबून धरते. काही आठवडे रोज घेतली की मेंदू त्या दाबावर विसंबतो आणि स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. अशात गोळी एकाएकी गेली तर गाडी उतारावर सुटावी तसं होतं, आणि पहिला वेग नाडीला येतो. अल्प्राझोलमसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीत हा त्रास एक-दोन दिवसांत जाणवतो. डायझेपामसारखी गोळी अंगात जास्त दिवस राहते, तिच्यात आठवडाही जाऊ शकतो.

यातली बहुतेक धडधड काळजाच्या रोगाची नसते. नाडी जलद, पण एका लयीत चालते आणि हळूहळू निवळते. तरीही एकदा डॉक्टरला दाखवून कार्डिओग्राम काढावाच. अंगात रक्त कमी असणं, थायरॉईड, जुलाबाने पोटॅशियम उतरणं यांनीही धडधडतं. घरबसल्या आपण तो निवाडा करू नये.

खरा धोका धडधडीपेक्षा मोठा आहे. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, माणूस बरळू लागतो, प्रसंगी जिवावरही बेततं. २०१५ साली तेलंगणात निजामाबाद, महबूबनगर भागात ताडीतली भेसळ सरकारने बंद पाडली. त्या ताडीत अल्प्राझोलम, डायझेपाम मिसळलेलं असे. ती मिळेनाशी झाल्यावर पिणाऱ्यांना भ्रम आणि झटके येऊ लागले व दवाखान्यांत रांगा लागल्या. भेसळ बंद करणं योग्यच होतं, पण लोकांच्या अंगातली सवय हुकमाने एका दिवसात जात नाही.

जनावराचं वैरण-खाद्य आपण एका दिवसात बदलत नाही. जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त, असं करत पोट बसू देतो. गोळीचंही तसंच आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय तज्ज्ञ संस्थांनी याबाबत मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यांच्या मते सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्के कमी करावी, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त सहसा उतरवू नये. म्हणजे हे काम महिन्यांचं आहे. किती आणि कधी कमी करायचं ते डॉक्टरनेच ठरवावं. मध्येच त्रास वाढला तर त्या पायरीवर काही दिवस थांबता येतं, त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

आता आपल्या शिवारातल्या दोन गोष्टी. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली तरी घाम येतो, थरथर होते, नाडी बिघडते. गोळी कमी करत असलेल्या माणसाने फवारणीचं काम शक्यतो दुसऱ्याकडे द्यावं. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला दोन्ही सांगावं, कोणती गोळी चालू होती आणि कोणतं औषध फवारलं. औषधाचा डबा दाखवता आला तर उत्तम. दुसरं, ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला आपण काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो. ते हाताळल्यावर दारू घेतली तर तोंड लाल होऊन छाती जोरात धडधडते. आणि झोपेच्या गोळीवर दारू तर कधीच नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

धडधडू लागलं की शांत बसावं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत आणि वहीत लिहावेत. बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. ती वही डॉक्टरच्या फार कामाला येते. चहा आणि तंबाखू-मिश्री कमी करावी. बीपीची किंवा हृदयाची चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, धाप लागणं, झटका येणं, बरळणं, नाडी अगदी वेडीवाकडी चालणं किंवा बसूनही १२० च्या वर राहणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करावा.

आता गावच्या कारभाऱ्यांना माझं सांगणं. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या २०१४ पासून एच-१ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि डॉक्टर, रुग्ण व गोळ्यांची संख्या दुकानदाराने नोंदून ती नोंद तीन वर्षं ठेवायची. हा नियम पाळला गेलाच पाहिजे. पण उद्या दुकानदाराने एकदम हात वर केले तर वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्यांनी जायचं कुठं? म्हणून कडक नियमाबरोबर सोडवणुकीची सोयही हवी. प्राथमिक आरोग्य केंद्राने अशा रुग्णांची यादी ठेवावी, दर पंधरवड्याला नाडी-बीपी बघावा, तालुक्याला कार्डिओग्राम करून द्यावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या डॉक्टरांची तालुक्याची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. आशाताईंना गोळ्यांची नावं माहीत करून द्यावीत. आणि गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरने ती कधी व कशी थांबवायची तेही त्याच कागदावर लिहावं. बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापतात, मग माणसाच्या गोळीला मुदत का नसावी?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

गोळी घेणारा माणूस व्यसनी किंवा भित्रा असतो असं समजू नये. त्याची झोप कर्जाने, पुराने किंवा पावसाने नेलेली असते. आज ज्यांच्या उशाशी ती गोळी आहे त्यांनी ती उकिरड्यावर फेकू नये. पाकीट घेऊन डॉक्टरकडे जावं आणि विचारावं, ‘ही हळूहळू कशी सोडायची ते लिहून द्या.’