फोन कोणी घेतला, व्हिडिओ कोणी पसरवला?

जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतला एक मुलगा विहारात आला. वय एकोणीस, आयटीआयला जातो. मिरवणुकीच्या रात्री डीजे बंद करण्यावरून पोलिसांशी बाचाबाची झाली तेव्हा तो मोबाईलवर शूटिंग करत होता. एका पोलिसाने फोन हिसकावला आणि उद्या ठाण्यावर ये म्हणून सांगितले. दोन दिवस खेटे घातल्यावर फोन परत मिळाला. कागद नाही, पावती नाही, कुठे सही नाही. गॅलरीतून त्या रात्रीचे तिन्ही व्हिडिओ गायब. "ताई, हे कायद्यात बसतं का?" एवढेच त्याला विचारायचे होते.

पुसलेले व्हिडिओ कुठे सापडतात का म्हणून मी त्याचा फोन चाळला. ते सापडले नाहीत. पण व्हॉट्सअॅपच्या फोल्डरमध्ये दुसरेच सापडले. कुठल्या गावचा कोण जाणे, एका उघड्या पोराला बांधून मारत आहेत, पोराचा चेहरा स्पष्ट दिसतो, आणि खाली लिहिलेय, 'जास्तीत जास्त शेअर करा, जयभीम'. त्याने तो चार ग्रुपवर पुढे पाठवलाही होता.

म्हणजे जो व्हिडिओ काढण्याचा त्याला पूर्ण हक्क होता तो पुसला गेला, आणि जो पुढे पाठवणे हाच गुन्हा ठरू शकतो तो जसाच्या तसा राहिला. हा एका मुलाचा गोंधळ नाही. आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांचा, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत माझाही, हाच गोंधळ होता.

आधी मूळ प्रश्न. सार्वजनिक ठिकाणी कोणाचा परवानगीशिवाय फोटो काढणे हा भारतात गुन्हा आहे का? नुसता फोटो काढणे हा गुन्हा नाही. रस्ता, मैदान, मोर्चा, मिरवणूक इथे फोटो काढायला परवानगी लागते असा सरसकट कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले. पण त्या निकालाने रस्त्यावरचा प्रत्येक फोटो गुन्हा ठरत नाही. कायदा कॅमेऱ्यापेक्षा जास्त पाहतो ते समोर कोण आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे.

भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ (जुने ३५४ क) स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे, टिपणे आणि पसरवणे याबद्दल आहे. पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षे. त्यात एक बारकावा तरुण पोरांनी नीट समजून घ्यावा. फोटो काढायला तिची संमती होती, पण पसरवायला नव्हती, तरीही पसरवणारा गुन्हेगार ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई स्त्री-पुरुष भेद न करता कोणाच्याही गुप्तांगांच्या चित्रणाला लागू होते. आणि पीडित मूल असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ लागते. त्या मुलाची ओळख कोणत्याही माध्यमातून उघड करायची नाही, मग हेतू कितीही चांगला असो.

हेतूवरून वाकडी आठवते. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, म्हणजे आपल्याच नाशिक विभागात. जून २०१८ मध्ये मातंग समाजातली दोन अल्पवयीन मुले विहिरीत पोहली म्हणून त्यांना नग्न करून पट्ट्याने मारले गेले. मारणाऱ्यांच्या बाजूनेच त्याचे शूटिंग झाले. त्या चित्रणामुळे प्रकरण उघडकीस आले हे खरे. गुन्हा दाखल झाला, आरोपी पकडले गेले. पण पुढच्या काही दिवसांत तो व्हिडिओ देशभर फिरला. फिरवणारे बहुतेक जण अन्यायाने संतापलेलेच होते. त्यात राहुल गांधीही होते. राज्याच्या बाल हक्क संरक्षण आयोगाने मुलांची ओळख उघड केल्याबद्दल त्यांना नोटीस काढली. तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना ती नोटीस म्हणजे राजकीय खोडी वाटली. राजकारण त्यात असेलही. पण ते बाजूला ठेवून त्या मुलांच्या जागी उभे राहून पाहा. गावात एकदा मार खाल्ला, आणि पुढे प्रत्येक मोबाईलमध्ये पुन्हा पुन्हा. शाळेत जाताना, बाजारात, सोयरिकीच्या वेळीही तो व्हिडिओ सोबत येणार.

जातीय अत्याचारात अपमान हेच हत्यार असते. मारणारा स्वतः शूटिंग करतो ते उगाच नाही, त्याला अपमानाला प्रेक्षक हवे असतात. आपण चेहरा न झाकता तो व्हिडिओ पुढे ढकलतो तेव्हा ते प्रेक्षक आपण पुरवतो. बलात्काराच्या प्रकरणात तर कायदा आणखी कडक आहे. न्याय संहितेचे कलम ७२ (जुने २२८ अ) पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असे काहीही छापायला मनाई करते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ११ डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पीडिता हयात नसली तरी ही मनाई राहते. आपल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर, मोर्चाच्या फलकावर कितीदा मृत मुलीचा फोटो आणि नाव असते, आठवून पाहा.

मग असा व्हिडिओ हाती आला तर करायचे काय? तो पुरावा आहे, पुसायचा नाही. ज्या क्रमांकावरून आला तो, वेळ, तारीख लिहून ठेवायची आणि मूळ फाइल पोलिसांना, वकिलाला किंवा बालकल्याण समितीला द्यायची. ग्रुपवर टाकायची नाही. ग्रुपवर घटना शब्दांत लिहिता येते.

जिथे कायदा काहीच म्हणत नाही अशीही एक जागा आहे. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात जमिनीवर झोपलेल्या आपल्या आया-बहिणींचे फोटो काढले जातात आणि कधी कीव म्हणून, कधी कुचेष्टा म्हणून फिरवले जातात. मैदान सार्वजनिक आहे, गुन्हा नाही. बारा तास रेल्वेच्या जनरल डब्यातून आलेली बाई ज्या श्रद्धेने तिथे आली ती फोटोत येत नाही, फाटकी चादर तेवढी येते. यावर कलम शोधत बसण्यात अर्थ नाही. पण आम्ही समाजकार्यवालेही कमी नाही, हे कबूल केले पाहिजे. लॉकडाऊनमध्ये किराणा किट हातात धरून उभ्या असलेल्या बाईचा फोटो मीही काढला आहे, अहवालात लावला आहे. देणगीदाराला 'प्रूफ' हवे होते. ती बाई नाही म्हणू शकत होती का? किट माझ्या हातात असताना? एप्रिल २०२० मध्ये राजस्थानातल्या अजमेर जिल्हा प्रशासनाने अन्नवाटप करताना फोटो काढायलाच बंदी घातली होती. आपल्याकडे तसे व्हायला हवे होते.

आता दुसरी बाजू. पोलिसांचे चित्रीकरण.

रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचा व्हिडिओ काढणे हा गुन्हा नाही. आपल्याकडे धाक असतो तो '३५३' चा, आता न्याय संहितेचे कलम १३२. पण ते कलम लागायला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. चार पावले लांब उभे राहून मोबाईल धरणे म्हणजे हल्ला नव्हे. अंगावर जाऊन, वाट अडवून शूटिंग केले तर मात्र आपणच त्यांच्या हाती कोलीत देतो. ठाण्याच्या आतले चित्रीकरण हा गोपनीयता कायद्याखालचा गुन्हा आहे असे सांगून घाबरवले जाते. वर्धा जिल्ह्यातल्या एका प्रकरणात २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला, कारण शासकीय गुपिते कायद्यात 'प्रतिबंधित ठिकाणां'ची जी व्याख्या आहे त्यात पोलीस ठाणे येत नाही. २०२४ मध्ये पाथर्डीच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही हेच सांगितले. हे दोन्ही निकाल आपल्या जिल्ह्यांतलेच, आपल्यासारख्याच साध्या माणसांनी लढून मिळवलेले आहेत. प्रत्येक कार्यकर्त्याच्या फोनमध्ये त्यांची प्रत असावी.

आणि फोन काढून घेणे? पोलिसांना वस्तू जप्त करण्याचा अधिकार आहे, नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ (जुने १०२). पण ती वस्तू चोरीची असल्याचा किंवा एखाद्या गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय हवा, आणि जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना लगेच द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे, यादी करण्यापासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत, व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. गंमत बघा, कायदा पोलिसांना सांगतो की जप्ती करताना मोबाईलने शूटिंग करा, आणि आपल्याकडे शूटिंग केले म्हणून मोबाईल जातो. रस्त्यात फोन हिसकावून, पंचनामा न करता, आतला मजकूर पुसून परत देणे याला कोणत्याही कलमाचा आधार नाही. पुरावाच नष्ट होतो तो वेगळा.

पंचनाम्याच्या कागदाला मी एवढे महत्त्व का देते, त्याला कारण आहे. २८ ऑगस्ट २०१८ ला एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी देशभर छापे घातले. गोव्यात प्रा. आनंद तेलतुंबडे घरी नव्हते. सुरक्षारक्षकाकडून दुसरी चावी घेऊन घर उघडले गेले, असे त्यांनी स्वतः नंतर लिहिले. हैदराबादेत प्रा. के. सत्यनारायण यांच्या घरी देवांऐवजी फुले-आंबेडकरांचे फोटो का, असे विचारले गेल्याचे त्यांनी माध्यमांना सांगितले. पंच कोण होते? कायद्याला त्या परिसरातले प्रतिष्ठित, स्वतंत्र लोक अपेक्षित असतात. पोलिसांनी पुणे महापालिकेचे कर्मचारी सोबत नेले होते, आणि न्या. चंद्रचूड यांनी २८ सप्टेंबर २०१८ च्या आपल्या वेगळ्या निकालपत्रात त्यावर बोट ठेवले. बहुमत मात्र दुसऱ्या बाजूला गेले. याच प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या होत्या, असा अहवाल आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला शरण गेले आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला जामिनावर बाहेर आले. तारखा आपोआप लक्षात राहतात.

म्हणून फोन जप्त होत असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक आणि शक्य असेल तिथे हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात लिहायला लावा. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या क्षणी आतल्या मजकुराचा आकड्यांतला ठसा. पुढे एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. सही करण्याआधी वाचा, प्रत मागा. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का यावर न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत, तिथे वकील येईपर्यंत थांबा.

पोलीस आपले फोटो काढतात त्याबद्दलही थोडे. जयंतीआधी किंवा मोर्चाआधी पोरांना '१४९ ची नोटीस' (आता कलम १६८) देतात आणि फोटो, ठसे घेऊन ठेवतात. २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने पोलिसांना फोटो, बोटांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन घ्यायचा आणि नोंद ७५ वर्षे ठेवायचा अधिकार दिला, हे खरे. पण त्याच कायद्याच्या नियमांत म्हटले आहे की जमावबंदी मोडली किंवा प्रतिबंधात्मक अटक झाली एवढ्यावरून ही मापे घ्यायची नाहीत, दुसरा गुन्हा दाखल असेल तरच. चॅप्टर केस नुसती सुरू आहे म्हणूनही नाही, दंडाधिकाऱ्यांनी जामीन-बॉण्डचा आदेश केल्यावरच. नोटीस घेतली म्हणजे अंगठे द्यायलाच हवेत असे नाही.

नाशिककरांना हे जास्त लागणार आहे. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी शहरभर कॅमेरे वाढत आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजला स्नान करणाऱ्या स्त्रियांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकल्याबद्दल उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. तोच प्रकार उद्या रामकुंडावर होऊ शकतो, आणि तिथे स्नान करणारी बाई कोणत्याही समाजाची असो, कलम ७७ तिच्यासाठी आहे.

त्या मुलाचे काय झाले? आम्ही पोलीस आयुक्तालयात लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. परमवीर सिंग सैनी निकालाने (२ डिसेंबर २०२०) प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही आणि अठरा महिन्यांचे, निदान एक वर्षाचे फुटेज ठेवणे बंधनकारक केले आहे. फोन परत दिला त्या दिवसाचे फुटेज जपून ठेवावे आणि त्याची प्रत मिळावी असा माहिती अधिकाराचा अर्जही टाकला. मारहाणीचा तो व्हिडिओ त्याने ज्या चार ग्रुपवर टाकला होता तिथे 'सर्वांनी डिलीट करा' असे लिहिले. एका ग्रुपवर त्याला शिव्या पडल्या, समाजाचा अन्याय दाबतोस का म्हणून. त्याने उत्तर दिले नाही, मला स्क्रीनशॉट पाठवला. माहिती अधिकाराच्या अर्जाला आज अकरा दिवस झालेत.