किल्ली कुणाच्या कमरेला?

घराच्या रक्षणासाठी लांब नळीची बंदूक बरी की मुठीत मावणारे पिस्तूल बरे, असा वाद अमेरिकेत जोरात चालतो. तिथे कार्बाइनसुद्धा दुकानात विकत मिळते. आपल्याकडे कार्बाइन पाहावी ती पोलिसाच्या खांद्यावर. पण मैत्रिणींनो, या वादाचे देशी रूप आता आपल्या बैठकांतही येऊ लागले आहे. मसोलीच्या एका बैठकीत वाडीत राहणाऱ्या एका बाईंनी मला सरळच विचारले, “ताई, ह्यांनी बारा बोअरच्या बंदुकीसाठी अर्ज करायचं काढलंय. मी म्हणते, मला झेपेल असं रिव्हॉल्वर घ्या. तुम्ही काय म्हणता?”

मी म्हणते, दोन्ही नको. बाईला नेम धरता येणार नाही, म्हणून मी हे म्हणत नाही. बाईने हात उचलू नये, असे सांगणाऱ्यांतली तर मी नाहीच. जीव जाण्याची किंवा बलात्काराची भीती समोर उभी असेल, तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंतचा स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३८व्या कलमाने बाईलाही दिलेला आहे. चिकूच्या वाडीतले एकटे घर, हाकेच्या अंतरावर कुणी नाही, नवरा मुंबईला, त्यात वीज गेलेली. ही भीती खोटी आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

प्रश्न एवढाच, की बाईवर हात उचलणारा येतो कुठून? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघींत एकीने, नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगभरात सुमारे ५१,१०० बायका-मुली जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. ज्याच्यापासून वाचायचे, तो खिडकी फोडून येत नाही. दाराची कडी आपणच त्याला काढून देतो.

अशा घरात बंदूक आली तर ती कुणाची होते? परवाना त्याच्या नावावर, काडतुसे त्याच्या हिशेबात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. साखरेच्या डब्याची किल्ली बाईच्या कमरेला असते, पण बंदुकीच्या कपाटाची नसते. परवाना तिच्या नावावर काढला म्हणून काय होणार? तिच्या नावावरच्या जमिनीचे आणि तिच्या बँकेतल्या पैशांचे काय होते, ते आपण रोज पाहतोच. शिवाय बंदूक झाडावीच लागते असे नाही. भांडण चालू असताना त्याने ती नुसती टेबलावर आणून ठेवली, तरी बाईचे तोंड बंद होते. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांत केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असली, तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असे त्यात आढळले. नळी लांब की आखूड, याने त्यात काय फरक पडणार?

आपल्या भीतीचाही बाजार मांडला जातो. दिल्लीच्या २०१२च्या घटनेनंतर देश पेटून उठला होता. आपण मागत होतो जलद न्याय, सुरक्षित बस, संवेदनशील पोलीस. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने बायकांसाठी म्हणून काय काढले? ‘निर्भीक’ नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्वर! किंमत १,२२,३६० रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. शंभर दिवसांच्या हमीने काम करणाऱ्या वारली बाईने सात वर्षांची सगळी मजुरी ओतली असती, तरी ते तिच्या हाती पडले नसते. सुरक्षितता देणे हे सरकारचे काम. ते बाईच्या पर्सवर ढकलून सरकार मोकळे!

आणि भीतीच्या हातात हत्यार दिले की काय होते, हे आपल्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. एप्रिल २०२०मध्ये चोर आणि मुले पळवणारे फिरताहेत अशा अफवा उठल्या, गावोगाव रात्रीचे पहारे बसले. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले, तेही पोलिसांच्या देखत. अंधारात घाबरलेल्या माणसाला समोरचा प्रत्येक जण चोरच दिसतो.

“मग काय, हात जोडून बसायचं?” नाही! याच मातीत जमीनदारांच्या घरी बंदुका होत्या, आणि वारली बायांच्या अंगावर वेठ आणि अत्याचार होते. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली बाया-पुरुष एकत्र आले. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. तरीही वेठबिगारी मोडली. ती मोडली एकजुटीने, संपाने.

म्हणून आपण मागायचे ते हे. वाडी-पाड्यांच्या रस्त्यांवर दिवे हवेत, आणि ११२ला फोन केल्यावर गाडी खरोखर यायला हवी. संरक्षण अधिकारी तालुक्याच्या ठिकाणी रोज भेटायला हवा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली मारकुट्या नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश देता येतो. हिंसाचारात वापरलेले शस्त्र दंडाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने जप्तही करता येते. शस्त्र कायद्याच्या १७व्या कलमाखाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार प्रशासनाला आहे. मग मारहाणीची प्रत्येक तक्रार लिहिताना पहिला प्रश्न हवा : घरात बंदूक आहे का? असेल, तर परवाना रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी जोडला पाहिजे. संघटनांनी हे आपल्या केंद्रांत आजपासून सुरू करावे.

वाडीतल्या त्या बाईंनी दोन बंदुकांतली एक निवडायची होती. मैत्रिणींनो, या दोन्ही पर्यायांत एकट्या बाईने एकट्या घरात रात्रभर जागे राहणे गृहीत धरलेले आहे. ते गृहीतच आपल्याला मान्य नाही.