पडद्याबाहेरची कारकीर्द : परशुराम खुणे आणि झाडीपट्टी

परशुराम कोमाजी खुणे हे पूर्व विदर्भातील झाडीपट्टी या भागाच्या रंगभूमीवरील विनोदी नट. गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातले गुरनोली हे त्यांचे गाव. सुमारे पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. २०२३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतील अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. या अपरिचयातूनच काही आक्षेप जन्मतात.

पहिला आक्षेप असा की, चित्रपटात न दिसलेल्या नटाची कारकीर्द प्रादेशिकच राहते; थोरवीचा निवाडा पडदाच करतो. हा क्रमच उलटा आहे. पडद्यावर गाजलेले कित्येक विनोदी नट रंगमंचावर घडले. इंग्रज नट चार्ली चॅप्लिन १९०८ साली फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटकमंडळीत दाखल झाला आणि तिथल्या तालमीत मुरून १९१४ साली चित्रपटांत आला. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१चा. त्याआधी ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्याने त्यांना लोकप्रिय केले होते. कॅमेऱ्याने या दोघांची कला टिपली आणि दूरवर पोचवली. ती घडली मात्र समोरच्या प्रेक्षकाच्या हशात. खुणे यांना ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणतात. त्यात कौतुक आहे, पण मोजमाप पडद्याचेच आहे.

दुसरा आक्षेप हौशीपणाचा : शेतीतून सवड मिळाली की केलेली ही नाटके. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यातला व्यवहार पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. धान घरी आले की दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चालतो. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावातले मंडळ नाटक ठरवते, तिकिटे विकते आणि कंपनीला ठरलेली रक्कम देते. वडसा म्हणजे देसाईगंज हे या कंपन्यांचे केंद्र. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि दुसऱ्या रात्री गाव बदलते. पाच हजार प्रयोग पन्नास वर्षांत वाटले तर वर्षाला शंभर पडतात. म्हणजे हंगामातल्या बहुतेक रात्री रंगमंचावर. एवढे काम हौसेखातर होत नाही.

तिसरा आक्षेप दर्जाचा : प्रॉम्प्टरच्या भरवशावर बोललेले संवाद, भडक अभिनय आणि मध्येच घुसवलेली नाचगाणी. यात तथ्य नाही असे नव्हे. तिकीट खपवण्यासाठी नृत्यांचा भरणा होतो आणि त्यावर झाडीपट्टीतूनच टीका होत आली आहे. पण या दोषावरून साऱ्या परंपरेला नाव ठेवता येत नाही. खुणे यांच्या नाटकांत ‘सिंहाचा छावा’ आहे, तसेच गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ आणि अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ही आहे. मुंबई-पुण्यात अशा नाटकांचे प्रयोग विरळ झाले, तेव्हाही इथे ती गावोगाव उभी राहत होती. अभिनयाची पट्टीही मंडपावरून ठरते. हजारोंच्या गर्दीत, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत विनोद पोचवायचा असेल तर आवाज आणि हालचाल मोठी करावीच लागते. कॅमेऱ्यासमोरचा संयम तिथे दिसणारच नाही. दंडार आणि खडी गंमत या स्थानिक लोककलांतला हजरजबाबीपणाही या अभिनयात उतरला आहे.

चौथा आक्षेप असा की, या रंगभूमीला मान्यता बाहेरून मिळाली. तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ (२०२२) या चित्रपटाने तिची ओळख दूरवर नेली, पुढच्याच वर्षी पद्मश्री आली, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांत लोक स्वतः पैसे मोजून रात्रभर नाटकाला बसत होते. चित्रपट आणि पुरस्कार यांनी या मान्यतेची नोंद तेवढी केली.

पडद्याच्या बाजूने एकच मुद्दा उरतो : चित्रपट टिकतो, प्रयोग पहाटे संपतो. चॅप्लिन आजही पाहता येतो. कार्नोच्या मंडळीतले त्याचे बहुतेक सहकारी विस्मरणात गेले. हा मुद्दा मान्य केला तरी खुणे यांची कारकीर्द त्यामुळे उणी ठरत नाही. त्यातून निष्पन्न होते ते एक काम : जुने नट हयात असताना त्यांच्या भूमिकांचे ध्वनिचित्रमुद्रण करणे, हस्तलिखित संहिता गोळा करणे आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात झाडीपट्टीला परिशिष्टाऐवजी स्वतंत्र प्रकरण देणे.