अस्मानी थोडी, सुलतानी फार



थंडी आखडली की शाळूचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुरलेल्या ओलीवर उभे पीक लवकर निसवते, ओल उडते, दाणा बारीक राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत जास्त होते. २०२५ चा फेब्रुवारीही सरासरी तापमानात उच्चांकी ठरला.

रानातली ओल उडते तशी तळ्यातलीही उडते. पाण्याला ऊब मिळाली की रोहू-कटला आधी जोमाने वाढतात, हे खरे. पण २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. त्यात पाणी उतरले की मासळीची दाटी होते. पहाटे मासा वर येऊन तोंड वासतो. तळे ठेक्याने घेणाऱ्याचे वर्ष बुडते.

मग सगळा दोष हवेवर टाकायचा का? आम्ही हिशेब मांडतो. हजार हेक्टर पसरलेल्या जलाशयातून उबदार हिवाळ्यामुळे रोज एक मिलिमीटर पाणी जादा उडाले, असे धरा. ते होते दिवसाला एक कोटी लिटर. आता पालघर जिल्ह्यातले सूर्या धरण पाहा. धामणीला ते बांधले आदिवासी शेतकऱ्यांच्या रानाला पाणी देण्यासाठी. आज त्याच प्रकल्पाचे पाणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना जाते, वसई-विरारलाही जाते आणि मीरा-भाईंदरसाठीही राखले आहे. या शहरांसाठी आखलेल्या एकट्या प्रादेशिक योजनेची क्षमता रोज ४० कोटी ३० लाख लिटर आहे. सूर्य नेतो एक, तर नळ नेतो चाळीस!

शहराने पाणी पिऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण तूट आली की कात्री आधी कालव्याला आणि मासेमाराला का? उद्योगाला आणि शहराला का नाही?

आमची मागणी साधी आहे. हिवाळाभर दर पंधरवड्याला धरणातली पातळी, उडालेले पाणी आणि कोणाला किती दिले, हे गावच्या फलकावर लागावे. तूट सर्वांनी सारखी सोसावी. तळे आटले तर ठेक्याच्या रकमेत सूट मिळावी.

पालघरचा भात-मासळीवाला आणि आपण कापूस-ज्वारीवाले यांच्यात अंतर फार, पण दुखणे एकच. जिल्हा बैठकीला येताना आपापल्या धरणाचा हिशेब मागून आणा. अस्मानी किती आणि सुलतानी किती, ते तिथेच कळेल.